निवडुंगवाडीची दक्षिणमुखी पेटी

मी सोलर ड्रायर बोलतोय. दचकू नका. माझ्या बोलण्यावरून निवडुंगवाडीत आधीच इतका गोंधळ झालाय, की माझं म्हणणं आता मीच सांगितलेलं बरं. माझ्याविषयी एकदा पेपरात छापून आलं, ते खोटं होतं. गावात जे बोललं जातं, ते त्याहून खोटं आहे. खरं काय ते मला ठाऊक आहे, आणि त्यातलंही थोडं मला स्वतःला कळलेलं नाही.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या शेडमधला. लोखंडी अँगलचे चार पाय, त्यावर पत्र्याची उतरती पेटी, आतून काळा रंग, वरून जाड काच, पोटात जाळीचे ट्रे आणि मागच्या उंच बाजूला धुराड्यासारखी एक नळी. मला वीज लागत नाही, जळण लागत नाही. ऊन काचेतून आत येतं, काळा पत्रा ते पितो, आतली हवा तापते आणि फळातलं पाणी उचलून नळीवाटे निघून जाते. मागे उरतं ते फळाचं गोड, हलकं, वर्षभर टिकणारं रूप. संपलं माझं शास्त्र.

म्हणजे माझं काम पाणी काढून घेण्याचं. बीड जिल्ह्यात पाणी काढून घेणारी वस्तू पाठवायची, हा विनोद कुणाला सुचला असेल तो सुचो. पण एक गोष्ट शेडमधल्या कारागिरांनाही माहीत नव्हती. फळातून निघणारं पाणी आवाज करतं. ओल्या फडक्याआडून कुणीतरी सावकाश श्वास घ्यावा, तसा. माणसांना तो ऐकू येत नाही. मला येतो.

भाद्रपदात एका टेम्पोत घालून मला शिरूर कासारवरून निवडुंगवाडीला आणलं. गावच्या महिला बचत गटाला मी मिळालो होतो. चावडीपुढच्या मोकळ्या पटांगणात मला उभं करायला आलेल्या फिटरनं पायांखाली दगड लावले, काच दक्षिणेकडे केली आणि चार बायकांना सांगितलं, “तोंड दक्षिणेलाच ठेवा. दिवाळीच्या सुमाराला सूर्य त्याच बाजूनं चालतो. हे हलवलं तर हा नुसता डबा आहे.” मग तो जीपमध्ये जागा मिळेल म्हणून घाईनं निघून गेला. समारंभाला थांबला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण समारंभाला कामाची माणसं थांबत नाहीत.

समारंभ झाला. विजयसिंहदादा आले. पुढारी म्हणून जेवढं करायचं तेवढं सगळं त्यांनी केलं, म्हणजे फीत कापली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. गावाभोवतीच्या डोंगरावर सीताफळं लगडली होती. सीताफळ उतरायला आलं की त्याच्या खवल्यांमधल्या भेगा रुंदावतात. लोक म्हणतात, फळानं डोळे उघडले. हजारो उघडे डोळे डोंगरावरून गावाकडे बघत होते, आणि माझ्या ट्रेमध्ये मात्र बीडच्या बाजारातून आणलेल्या सफरचंदाच्या फोडी मांडल्या होत्या. फोटोत सफरचंद चांगलं दिसतं, असं कुणीतरी म्हणालं. फोटो संपायच्या आत कार्यकर्त्यांनी त्या खाऊनही टाकल्या.

तेवढ्यात भगवानरावआबा काठी टेकत पुढे आले. गावातला सगळ्यात थोरला माणूस. लग्नाची तारीख असो की विहिरीची जागा, आबांना विचारल्याशिवाय पान हलत नाही.

“ह्येचं तोंड कुण्या बाजूला हाय?” त्यांनी विचारलं.

“दक्षिणेला, आबा.”

“दक्षिणेला कशापायी? आरं, दाराचं तोंड आमी तिकडं करीत न्हाई, झोपताना पाय तिकडं करीत न्हाई. ह्ये आतून काळंठिक्कर, वर धुराडं, आन् तोंड यमाकडं! फळं वाळवायची हायेत का गाव वाळवायचं हाय?”

लोक हसले, पण थोडंच. विजयसिंहदादांनी हात जोडले. “आबांचा शब्द म्हणजे हुकूम. फिरवा रे त्याला.”

चार गड्यांनी मला उचललं आणि उत्तरेकडे फिरवलं. ज्यांनी मला आणलं त्यांनीच मला आंधळं केलं, तेही टाळ्यांच्या कडकडाटात. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला की निवडुंगवाडीत फळप्रक्रियेची क्रांती झाली. छापणाऱ्यानं काच कुठल्या बाजूला आहे हे बघितलं नव्हतं. छापणारे बघत नाहीत, हा माझा नव्हे, या जिल्ह्याचा अनुभव आहे.

माझ्याजवळ उरल्या दोघी. सुभद्राबाई, गटाची पुढारी, पन्नाशीतली, बोलायला फटकळ. आणि तिची सून मनिषा. गटातल्या बाकीच्या बायकांचं चित्त ऊसतोडीला निघण्याच्या तयारीत लागलं होतं. दरसाल दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि निम्मं गाव त्यात चढतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई नसली की गडी अर्धा, आणि अर्धा गडी मुकादमाला चालत नाही.

मनिषा पोटुशी होती. मागच्या हंगामातही होती. उसाच्या फडात मोळ्या उचलताना तिचं पोरगं गेलं. तिथंच बांधाला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मोळ्या उचलत होती. सुभद्राबाईनं ते डोळ्यांनी बघितलं होतं. यंदा सुनेला फडात जाऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिनं मनाशी धरली होती, आणि त्यासाठी तिला मी हवा होतो. सीताफळाचा गर वाळवून विकता आला, तर पोराला सांगता येणार होतं की सून इथं कामाला हवी.

दोघींनी पहिली फळं फोडली, बिया काढल्या, गर ट्रेमध्ये पातळ पसरला आणि काच बंद केली. मी धडपडलो. खरंच धडपडलो. पण माझ्या उंच पाठीची सावली माझ्याच काचेवर पडत होती. आत ऊब होती, उष्णता नव्हती. गरातलं पाणी उठलं आणि बाहेर जाण्याइतका जोर नसल्यामुळे काचेला आतून चिकटून राहिलं. थेंब जमले, ओघळले. गर तपकिरी झाला, मग काळा. त्यावर मिशीसारखी बुरशी उगवली.

माणसं लांबून बघू लागली. “काच रडतीया,” कुणीतरी म्हणालं. भर दुपारी, गावात चिटपाखरू नसताना, पाठीकडचा तापलेला पत्रा आणि पुढची गार चौकट एकमेकांना ओढत आणि आतून ‘ठक्’ असा आवाज येई. थोड्या वेळानं पुन्हा ‘ठक्’. आत कुणीतरी अडकलंय आणि धीर धरून दार वाजवतंय, असं वाटावं असा. वारा सुटला की नळी घुमायची. टळटळीत दुपारी बारा वाजता एकट्यानं रस्त्यावर जाऊ नये, असं गावात मानतातच. आता माझ्या बाजूला कुणी अजिबात फिरकेना. भानामती आहे, असं ठरलं.

हे ठरवलं कुणी? उत्तरेश्वरनं. उत्तरेश्वर म्हणजे मुकादम. स्वतः याच गावचा. विजयसिंहदादांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणारा. त्याला जोड्या मोजून द्यायच्या होत्या आणि एक जोडी तुटू पाहत होती. तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून सत्यमशी, म्हणजे मनिषाच्या नवऱ्याशी, बोलला. म्हणून मला शब्दन्‌शब्द माहीत आहे.

“सत्यम, तुझी बायकू दिसभर ह्या पेटीला चिकटलेली आसती म्हणं.”

“आईनं कामाला लावलीया.”

“तुझी आई शहाणी बाई हाय. पर इचार कर. जी पेटी फळ वाळवती, तिला पोटातलं फळ कळत न्हाई व्हय?”

सत्यमचा चेहरा मी बघितला. एक पोर गमावलेल्या बापाच्या कानात असं वाक्य सोडायचं आणि वर पान थुंकून निघून जायचं, याला काय म्हणतात? माझ्याकडे शब्द आहे, पण तो छापत नाहीत.

त्या वाक्याला पाय फुटले. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. बायका मनिषाच्या पोटाकडे बघून तोंडात पदर धरू लागल्या. आबांनी निरोप पाठवला, पोटुशीनं पेटीजवळ जाऊ नये. सत्यम आईला म्हणाला, “हितं ऱ्हाऊन लेकरू वाळवण्यापरीस फडात नेलेली बरी. तितं निदान म्या हाय.”

“मागच्या साली व्हतास की,” सुभद्राबाई म्हणाली. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघी माझ्याजवळ आल्या. गाव दारं लावून बसलं होतं. मनिषानं माझ्या काचेवर तळवा ठेवला. मग वळसा घालून पाठीच्या पत्र्यावर ठेवला आणि चटकन मागे घेतला.

“आत्या, हिची पाठ भाजतीया आन् तोंड गार हाय. आपण हिला उलटी उभी केलीया. त्यो फिटर दक्षिण म्हणला व्हता.”

“मोठ्यांदा बोलू नगंस.”

“फिरवू या.”

“यमाकडं तोंड हुईल गं.”

“मागच्या साली माझं लेकरू गेलं, आत्या. त्ये कुण्या दिशेला तोंड करून गेलं, सांगा की.”

सुभद्राबाईनं पदर खोचला. सुनेला हात लावू दिला नाही. घरून पहार आणली, माझ्या एकेका पायाखाली घातली, दगडाचा टेकू घेतला आणि रेटत, धापा टाकत, शिव्या घालत मला वितीवितीनं फिरवलं. मनिषा सावलीत बसून दिशा सांगत होती. “आजून जरा. तुमच्या जावंच्या दाराकडं. न्हाई, पुढं गेली. मागं घ्या.”

“तुझा बाप आलता का हिला मागं घ्यायला!”

दोघी हसल्या. हसता हसता सुभद्राबाईनं माझ्या पत्र्याला पाठ टेकली आणि डोळे मिटले. तिचा घाम माझ्यावर सांडला आणि बघता बघता वाळला.

ऊन माझ्या काचेवर आलं. काय सांगू ते! सगळा काळा पत्रा एकदम जागा झाला. नळीतून हवा सूं सूं करत वर चढू लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताजा गर पसरला आणि पहिल्यांदाच मला तो आवाज नीट ऐकू आला. पाणी शांतपणे, रांगेनं, निरोप घेऊन निघालं होतं. गर पिवळसर पांढरा राहिला. त्याची पापडासारखी पोळी सुटली. मनिषानं तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि तिचे डोळे मोठे झाले. “आत्या, आख्खं सीताफळ हाय ह्येच्यात!”

गावानं काय बघितलं? गावानं बघितलं, की पेटी आपली आपण फिरली. उत्तरेला होती, दक्षिणेला झाली. दुपारी कुणी बाहेर नव्हतं, म्हणजे कुणी फिरवली नाही, असा साधा हिशोब. सुभद्राबाईला विचारलं तर ती म्हणाली, “मला काय म्हाईत बाई! आपुन तर घरातच व्हतो.” तिला गंमत वाटत होती. आबांनी लांबून हात जोडले आणि मला परत फिरवायला एकही गडी पुढे झाला नाही. भीतीनं पहिल्यांदा माझं भलं केलं ते असं.

पण उत्तरेश्वर भुतांना भिणाऱ्यातला असला, तरी जोडी तुटण्याला त्याहून जास्त भिणारा होता. ट्रक यायच्या आदल्या दिवशी भर बाराला तो एकटा आला. इकडेतिकडे बघितलं. गोणपाटाचा एक बोळा त्यानं डाव्या हातात धरला होता. उजवा तळवा माझ्या तापलेल्या पत्र्यावर टेकून तो टाचा उंचावून उभा राहिला, हात पोळला तशी तोंडातल्या तोंडात शिवी दिली, आणि बोळा माझ्या नळीत खोलवर कोंबला. मग पळाला. अक्षरशः पळाला.

गुदमरणं काय असतं ते मी त्या दिवशी शिकलो. सगळी वाफ पोटात कोंडली. काच पांढरी झाली. आत पसरलेला गर उकडला, आंबला, काळा पडला. दिवस कलताना सुभद्राबाईनं झाकण उघडलं, तेव्हा तो गोड कुजका वाफारा तिच्या तोंडावर आला आणि ती मागे हटली. तिला बोळा दिसला नाही. तिला एवढंच दिसलं, की शेवटचा आधार सडला. सडलेला गर तसाच आत ठेवून तिनं झाकण पाडलं आणि ती तिथंच मातीत बसली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. एवढी इच्छा मला कधी झाली नव्हती. काच तडकेल असं वाटलं.

ट्रक आला. चावडीपुढेच, माझ्या शेजारी लागला. भांडी, गोधड्या, पत्रे, शेळ्या, पोरं, सगळं त्यात चढत होतं. सत्यमनं मनिषाचं बोचकंही चढवलं. ती ट्रकपाशी उभी होती, एक हात पोटावर. सुभद्राबाईनं मुकादमाला हात जोडले, मुलाची विनवणी केली, आबांकडे गेली.

“बाई मानूस बोलती आन् ट्रक थांबतो, आसं कुठं आस्तंय व्हय?” उत्तरेश्वर हसून म्हणाला. आबा नुसते काठीकडे बघत राहिले.

सूर्य डोक्यावर आला होता. सुभद्राबाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिनं अंबाडा सोडला. केस पाठीवर पडले. दोन्ही तळवे काचेवर ठेवून ती घुमू लागली.

हे नाटक होतं. मला कळत होतं. तिचे हात थंड होते आणि ती डोळ्यांच्या फटीतून ट्रककडे बघत होती.

“म्या उभी हाय हितं! माझ्याकडं बघा!” ती ओरडली. लोक थबकले. हे वाक्य तिचं होतं.

“ही पोर न्यायची न्हाई! हिच्या पोटात जीव हाय!” हेही तिचंच.

मग आतून ‘ठक्’ झालं. तिचे तळवे एकदम तापले. तिची मान मागे गेली आणि तिच्या तोंडून आवाज आला तो पोकळ, लांबलचक, नळीतून यावा तसा.

“उत्तरेश्वर. माझ्या नरड्यात बोळा कोंबलास. काढ.”

हे वाक्य माझं होतं.

पटांगण गार पडलं. शेळ्यासुद्धा गप्प झाल्या. उत्तरेश्वरचा चेहरा उतरला. “कसला बोळा? म्हातारी येडी झालीया...”

“डाव्या हातानं कोंबलास. उजवा माझ्यावर टेकला व्हतास. दाखीव उजवा.”

त्यानं मूठ आवळली. ती आवळणंच त्याला नडलं. सत्यम ट्रकवरून खाली उतरला, मुकादमाचं मनगट धरलं आणि बोटं उलगडली. तळव्यावर टरटरीत फोड होता.

उत्तरेश्वरनं स्वतःच माझ्यावर चढून बोळा काढला. बोळा निघाला तशी कोंडलेली वाफ ‘हूऽऽऽ’ करत नळीतून बाहेर पडली आणि बायापोरांनी किंकाळ्या फोडल्या. तो खाली उतरून माझ्यापुढे आडवा पडला. “न्हाई नेत, माय. न्हाई नेत.” मनिषाचं बोचकं खाली आलं. सत्यम एकटा गेला, जोडी लागत नाही अशा गाडी भरायच्या कामावर. आदल्या दिवसापर्यंत जे अशक्य होतं, ते एका फोडामुळे शक्य झालं.

आता माझा राग ऐका. एक सासू साध्या तोंडानं, शुद्धीत, सगळ्यांच्या पुढे सांगत होती की ही पोर मरेल, हिचं लेकरू मरेल. कुणी ऐकलं नाही. तेच एका पत्र्याच्या डब्यानं सांगितलं तर गाव लोटांगण घालून मोकळं. या गावात बाईच्या तोंडाला किंमत यायला आधी त्यात भूत शिरावं लागतं. शरम कुणाला वाटली? कुणाला नाही.

दोनेक दिवसांनी मनिषा माझे ट्रे घासताना हसत म्हणाली, “आत्या, लई भारी नाटक केलं तुमी. पर बोळ्याचं कसं कळलं?”

सुभद्राबाई आधी तांब्याभर पाणी घटाघटा प्याली.

“पैली दोन वाक्यं माझी व्हती,” ती म्हणाली. “पुढलं म्या बोलले न्हाई गं. म्या नुसतं ऐकलं.”

मनिषाचं हसू गेलं. मी काच आणि पत्रा. मला तोंड नाही. त्या दिवशी क्षणभर एक मिळालं, ते मी वापरलं आणि परत केलं. पण मी ज्याला आत घेतो त्यातलं पाणी ठेवत नाही. ही माझी जात आहे. तेव्हापासून सुभद्राबाईच्या घशाची कोरड हटली नाही. पाणी पिते आणि पुन्हा मागते. हात सुकले, गाल बसले. डॉक्टरला दाखवलं, त्यांनी गोळ्या दिल्या. दुपारच्या वेळी ती माझ्याकडे येत नाही. लांबून जाते, डोक्यावरून पदर ओढून. मी तिचं काय घेतलं, हे मला कळत असतं तर मी परत दिलं असतं.

आणि माझं काय झालं? देव झाला! नाव पडलं पेटीमाय. काचेवर हळदकुंकवाचे थर, नळीला लाल फडकं, पायांना काळे दोरे. लिंबं आणून ठेवायची आणि ती माझ्यावरच वाळून खडखडायची. सुभद्राबाईनं एकदा बोरं आणली, तर आबा म्हणाले, “देवीच्या पोटात बोरं टाकतीस? डोकं ठिकाणावर हाय का?” त्या वर्षी डोंगरावरची बोरं डोंगरावरच गळाली. विजयसिंहदादा येऊन दर्शन घेऊन गेले. त्याचाही फोटो आला.

मनिषाला मुलगी झाली. रडकी, गुबगुबीत, पाण्यानं भरलेली.

वर्ष फिरलं. सीताफळांनी पुन्हा डोळे उघडले आणि पुन्हा ट्रक आला. त्यात सत्यभामाचं बोचकं चढलं. सत्यभामा म्हणजे शेजारच्या आळीतली सून, ओली बाळंतीण, अजून उभी राहिली की भिंत धरणारी. ती ट्रककडे गेली नाही. माझ्याकडे आली. काचेवर कपाळ टेकून हळू आवाजात म्हणाली, “बोल की माय. एकदाच बोल.”

मला बोलता आलं नाही. गाव गोळा झालं होतं. उत्तरेश्वर हातात नारळ घेऊन उभा होता, खरोखरच घाबरलेला. सगळ्यांच्या माना सुभद्राबाईकडे वळल्या. ती चावडीच्या पायरीवर बसली होती, वाळक्या शेंगेसारखी. तिनं मान हलवली. नाही.

तेव्हा गर्दीतून मनिषा आली. पोरगी तिनं सुभद्राबाईच्या मांडीवर ठेवली. येताना बादली आणि फडकं आणलं होतं. सत्यभामाला बाजूला करून तिनं माझ्या काचेवरचं कुंकू धुवायला सुरुवात केली. लिंबं खाली लोटली. नळीचं फडकं सोडलं. लाल पाणी माझ्या पायांवरून मातीत गेलं. मग तिनं झाकण उघडलं आणि सीताफळाच्या गराचे ट्रे एकेक करून आत सरकवले.

“आगं, अंगात आलंय का तुझ्या?” आबांनी विचारलं. आवाज चिरकला होता.

“न्हाई आबा.”

“मग कोन बोलतंय?”

“मनिषा बोलतीया. सत्यमची बायकू. सत्यभामा ट्रकात बसणार न्हाई. ती ओली बाळंतीण हाय. हितं माझ्यासंगं गर काढायला बसंल. तिचं बोचकं खाली घ्या.”

केस बांधलेले होते. डोळे जागेवर होते. आवाज रोजचाच, जरा घोगरा. गाव वाट बघत राहिलं की आता घुमेल, आता मान टाकेल. ती फडकं पिळत उभी राहिली. उत्तरेश्वर नारळ पुढे करून एक पाऊल आला.

“त्यो नारळ कुणाला आणलाव?” मनिषानं विचारलं.

तो मागे सरला. त्याच्यामागे आबा सरले, मग बाकीचे. मागच्या वर्षी माझ्या आवाजाला ते जितके भ्याले होते, त्याहून जास्त भ्यालेले मी त्यांना बघितले. अंगात आलेल्या बाईपुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. नारळ होता, लोटांगण होतं. अंगात काहीच नसताना बाई बोलली, तर करायचं काय, हे कुणालाच शिकवलेलं नव्हतं.

सत्यभामानंच ट्रकच्या फळीवर पाय दिला, हात लांबवला आणि आपलं बोचकं आपण खाली ओढलं. तिच्या नवऱ्यानं एकदा मुकादमाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि बोचकं उचलून घराकडे चालू लागला.

हे सगळं आत्ताच झालंय. ट्रकची धूळ अजून खाली बसलेली नाही. सुभद्राबाईनं नातीला खांद्यावर घेऊन पुन्हा पाणी मागितलंय, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळतोय. माझ्या पोटात गर पसरलाय, काच स्वच्छ आहे, तोंड दक्षिणेला आहे. माझी कुणाकडे फार मागणी नाही. मला पुजू नका आणि मला भिऊ नका. तुम्ही जे इतका वेळ माझ्यापुढे गर्दी करून उभे आहात, ते जरा बाजूला सरका. सावली पडतेय.